टप कापण्याआधी

(नाशिकमध्ये जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात माझ्या एका पापापासून करतो. तेव्हा मी ओझरला विमानाच्या कारखान्यात पत्र्याच्या कामावर होतो. पत्रा आपल्याला कळतो, असा ठाम गैरसमज होता. चुलतभावाचं लग्न ठरलं. वरातीला उघडी गाडी हवी, आणि भाडं परवडेना. काकांची जुनी फियाट अकराशे परसात उभी होती. मी म्हटलं, काका, टप कापून देतो. दोन रविवार करवत चालवली आणि टप उतरवला. गाडी दिसायला अशी झकास, की काकूंनी लगेच तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

वरातीच्या संध्याकाळी मागे नवरा-नवरी आणि दोन करवल्या, पुढे ड्रायव्हर आणि मी. मागची दारं आधीच लावलेली होती. पुढचं दार ओढलं तर लागेना. कसंबसं दोरीनं बांधलं. मांडवापाशी पोचलो तर मागची दारं उघडेनात. माणसं बसली आणि गाडी मधोमध वाकली होती. दारांच्या चौकटी वरच्या बाजूनं आवळल्या गेल्या होत्या. नवरीला शालूसकट वरून उचलून काढावं लागलं. भावजय आजही मला 'इंजिनिअर' म्हणते, आणि ते कौतुक नसतं.

आता हा पेढ्याचा खोका बघा. झाकण लावलेलं आहे. दोन्ही हातांनी पिळतो, हलत नाही. झाकण काढलं. आता पिळा. झाला की नाही कोळशाच्या पोत्यासारखा? फियाट अकराशेला खाली वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारा सांगाडा, नाही. टप, खांब, फरशी, दारांखालचे पत्र्याचे पोकळ पट्टे, हे सगळं मिळून एकच खोका, आणि भार तोच पेलतो. मी झाकण काढलं आणि खालचे पट्टे होते तसेच ठेवले. कारखान्यातून जी गाडी उघडी म्हणूनच निघते, तिचे हे पट्टे जाड असतात, आत दुसरा पत्रा घातलेला असतो, फरशीला आडवे दांडे दिलेले असतात. म्हणून उघडी गाडी बहुधा बंद गाडीपेक्षा जड भरते. लोकांना वाटतं, टप गेला म्हणजे वजन गेलं.

आणि बाहेर अंगणात जी स्टँडर्ड हेराल्ड उभी आहे, दोन दारांची, ती याच्या बरोब्बर उलट. ती मद्रासला बनली; मूळची इंग्लंडची ट्रायम्फ, आकार मिकेलोत्ती या इटालियनाचा. बहुतेक कंपन्या चासी टाकून देत होत्या त्या काळात तिनं ती ठेवली, आणि वरची बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टांवर बसवली. तिचा टप पान्यानं सुटतो. अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटं उघडतं. हीच चासी आखूड करून ट्रायम्फनं स्पिटफायर ही स्पोर्ट्स गाडी काढली. इंग्लंडात हेराल्डच्या चासीवर किती हौशी लोकांनी फायबरच्या बॉड्या चढवल्या, त्याला गणती नाही. म्हणजे दोन गाड्या शेजारी उभ्या करा: एकीची कातडी काढता येते, दुसरीची कातडी हेच तिचं हाड आहे. आज जे काही बोलणार आहे ते याच फरकाभोवती फिरणार आहे.

चासी एकाची आणि बॉडी दुसऱ्याची, हे आपल्याला मुळीच नवं नाही. आपली एसटी अशीच घडत आली: चासी कंपनीकडून यायची आणि बॉडी महामंडळाच्या दापोडीच्या किंवा चिकलठाण्याच्या कार्यशाळेत बांधली जायची. दुसऱ्या महायुद्धाआधी श्रीमंतांच्या मोटारींचंही तेच होतं. रोल्स-रॉइस चासी आणि इंजिन विकायची; बॉडी तुमच्या पसंतीच्या बांधणाऱ्याकडून. आपण चांदवडला होळकरांचा रंगमहाल बघायला जातो ना, त्याच घराण्यातले इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे. त्यांची १९३५ ची ड्युसेनबर्ग घ्या: चासी आणि इंजिन अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचं, अंगरखा लंडनच्या गर्नी नटिंगनं शिवलेला. त्या काळी जुनी बॉडी उतरवून नवी चढवणं म्हणजे शेरवानी बदलण्यासारखं होतं. कुणी 'मूळपण' म्हणून गळा काढत नव्हतं.

इटलीत हे काम शिंप्यासारखंच चाले. मिलानचा उगो झागातो पहिल्या महायुद्धात विमानांच्या कामावर होता आणि १९१९ मध्ये त्यानं स्वतःचं दुकान काढलं. विमानातून मोटारीकडे आलेला माणूस म्हटल्यावर मला तो अर्थातच जवळचा वाटतो. मिलानच्याच टूरिंग या बॉड्या बांधणाऱ्या पेढीनं 'सुपरलेजेरा', म्हणजे अतिहलकी, अशी पद्धत काढली: बारीक पोलादी नळ्यांचा पिंजरा, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. १९५८ ची ॲस्टन मार्टिन डीबी४ याच पद्धतीवर, परवाना घेऊन बांधली. रोग एकच. पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना चिकटले की ॲल्युमिनियमचा भुगा होतो. मधे कापड घालतात, पण कापड काही साठ वर्षं टिकत नाही. अशी गाडी घ्यायला जाल तेव्हा चकाकीकडे बघू नका, दाराखाली हात घालून बघा.

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. १९६१ च्या शेवटी फेरारीच्या कारखान्यात मोठं भांडण झालं आणि कित्येक प्रमुख अभियंते बाहेर पडले. त्यात जॉत्तो बिझ्झारिनी. फेरारी २५० जीटीओ ही शर्यतीची गाडी ज्याच्या डोक्यातून निघाली तो हा माणूस. इकडे काउंट वोल्पी नावाचा तरुण रईस, त्याचा स्वतःचा रेसिंगचा संघ. त्यानं बाहेर पडलेल्या मंडळींना पैसा पुरवला म्हणून एन्झो फेरारीनं त्याला जीटीओ द्यायला नकार दिला. वोल्पीकडे होती एक वापरलेली, आदल्या पिढीची २५० जीटी. त्यानं बिझ्झारिनीला गाठलं: हिच्यातूनच जीटीओला हरवणारी गाडी काढ.

बिझ्झारिनीनं काय केलं बघा. तेलाचं मोठं भांडं इंजिनाखालून काढून तेलाची टाकी वेगळी बसवली, त्यामुळे इंजिन खाली आलं. ते सुमारे बारा सेंटिमीटर मागेही सरकवलं. बॉनेट जमिनीसरसं झालं. आणि मागे? टप सरळ शेवटापर्यंत नेला आणि गाडी सुरीनं कापावी तशी उभी कापली. यात चक्रमपणा नव्हता. जर्मनीत वुनिबाल्ड काम (Kamm) नावाच्या अभियंत्यांनी तीसच्या दशकात दाखवलं होतं की हळूहळू निमुळती होत जाणारी लांब शेपटी योग्य जागी छाटली, तरी हवा ती शेपटी जणू आहेच असं समजून वाहते. बॉडी मोदेनात पिएरो द्रोगोच्या दुकानात ठोकली गेली. १९६२ ला ल मांच्या, म्हणजे फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीत ही गाडी उतरली. इंग्रज पत्रकार हसले, म्हणाले ब्रेडव्हॅन, पाववाल्याची गाडी! पाववाल्याची गाडी जीटीओंना मागे टाकून पळत होती, आणि तेही त्यांच्या पाच गिअरांपुढे चार गिअरांवर. चौथ्या तासात चाकांकडे ताकद नेणारा दांडा गेला आणि खेळ संपला.

कापाकापी कशाला म्हणावी, तर याला. हिच्यात प्रत्येक पत्र्याला कारण आहे. डोळ्यांना ती कुरूप दिसते की नाही, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. आमच्या सौंना ती शववाहिका वाटते.

तसं पाहिलं तर इतरही सांगता येतील. इंग्लंडात होव्हची हॅरिंग्टन ही बसच्या बॉड्या बांधणारी पेढी. तिनं सनबीम अल्पाइन या छोट्या स्पोर्ट्स गाडीला फायबरचा उतरता टप बसवला आणि १९६१ ला ल मांमध्ये त्या गाडीनं कमी इंधनात जास्त काम काढण्याचं बक्षीस नेलं. बसवाल्यांनी, लक्षात ठेवा. हॅरल्ड रॅडफर्डनं ॲस्टन मार्टिन डीबी५ चा मागचा भाग उंच करून बारा गाड्या सामानाच्या केल्या; ॲस्टनचे मालक डेव्हिड ब्राउन यांना कुत्र्यासाठी जागा हवी होती म्हणतात. नळ्यांचा पिंजरा कापून पुन्हा जोडायचा, कुत्र्यासाठी! असो, कुत्रं भाग्यवान.

आता हातांविषयी बोलू, कारण इथे अर्धे लोक गॅरेजवाले आहेत. जुन्या नाशकात भांडी बाजारातून लहानपणी जाताना हंडे ठोकण्याचा आवाज यायचा. तांबट मठारकाम करतो ते केवळ नक्षीसाठी नाही. प्रत्येक ठोक्यानं तांबं कडक होतं, म्हणून पातळ पत्र्याचा हंडा भरला तरी पोचत नाही. पण फार ठोकलं तर चिरतं, म्हणून मधूनमधून भट्टीत घालून मऊ करायचं. मोटारीचं मडगार्ड हाच हंडा आहे, आडवा कापलेला. सपाट पत्रा बोटानं दाबला की पकपकतो. त्याला किंचित पोट दिलं की ताठ होतो. फरक इतकाच, की ॲल्युमिनियम तापलं तरी रंग बदलून इशारा देत नाही. ६६० अंशांना ते एकदम वितळतं, आणि हातात भोक उरतं. मग जुने कारागीर काय करतात? पत्र्यावर अंगाच्या साबणाची वडी घासतात आणि ज्योत फिरवतात. साबण करपून काळपट झाला की थांबायचं, पत्रा मऊ झाला. ओझरला आमच्याकडे तापमान मोजायची यंत्रं होती, तरी ही युक्ती मला साधी आणि हुशार वाटते.

जोड लपवायचं कामही आपल्या घरातलंच. आज डेंटर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, थापतो. त्याआधी जगभर शिसं भरत. पोलादी पत्र्याला आधी कल्हई करायची, हो, आपली भांड्यांची कल्हई तीच, म्हणजे वरचं शिसं धरतं. मग शिसं-कथलाची कांडी ज्योतीनं लोण्यासारखी मऊ करायची आणि चरबी लावलेल्या लाकडी पट्टीनं सारवायची. त्याचा धूर आणि भुकटी विषारी. मास्कशिवाय हात लावू नका. लांबी वाईट नाही, पातळ हातानं दिली तर. पण मी अर्धा इंच लांबी पाहिलेली आहे. लांबीतून मडगार्ड घडवणारा माणूस गणपतीच्या कारखान्यात जास्त शोभेल.

आता जरा अवघड जागी येतो. फेरारी २५० जीटीओ बनल्या अवघ्या ३६. त्याच काळात, त्याच जातीचं तीन लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन घातलेली चार जणांची २५० जीटीई बनली साडेनऊशेच्या आसपास. पुढे जीटीओ सोन्याच्या भावाची झाली. मग लोकांनी गरीब बिचाऱ्या जीटीई घेतल्या, बॉडी फेकली, सांगाडा २० सेंटिमीटरनं आखूड केला आणि वर जीटीओचा अंगरखा चढवला. काम काही ठिकाणी अप्रतिम झालं. पण एक खरी गाडी मारून एक खोटी जन्माला घातली. मागच्या सीटवर पोरं बसवून सहलीला नेण्यासाठी केलेल्या फेरारीसाठी तेव्हा कुणी रडलं नाही. आज ती स्वतःच किमती झाली आहे.

फेरारीच्याच डेटोनाचंही तसंच. ३६५ जीटीबी/४ ही बंद गाडी १९६८ ला आली. उघड्या १२२ निघाल्या. उघडीची किंमत वाढली, की बंद गाड्यांचे टप कापले जाऊ लागले. जिथे कारागिरानं खालचे पट्टे नीट मजबूत केले तिथे गाडी चांगली चालते. माझी तक्रार गाडीबद्दल नाही, कागदाबद्दल आहे. कापलेली गाडी 'कापलेली' म्हणून विका, मी टाळ्या वाजवीन. कारखान्याची उघडी आणि कापून केलेली उघडी यांच्या भावात प्रचंड अंतर आहे, आणि त्याच अंतरात चासी-नंबराच्या पट्ट्या हलायला लागतात.

आपल्याकडे तर कायद्यानंच गळा धरला आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार करता येत नाही. २०२१ च्या जुलैत व्हिंटेज गाड्यांचे नियम आले: पन्नास वर्षं उलटलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी असेल तर 'व्हीए' मालिकेचा नंबर, नव्या नोंदणीचे २०,००० रुपये. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला बंदी. म्हणजे वरातीचं भाडं मारता येणार नाही. नियम बरा आहे, पण त्यात एक गंमत आहे. बिझ्झारिनीची पाववाल्याची गाडी नाशकात जन्मली असती तर आरटीओच्या दारात तिला नंबर मिळाला नसता. पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या चांगल्या हातानं केलेला बदल हाही इतिहासच असतो. नियमाला तो ओळखता यायला हवा, असं माझं मत.

आणि काकांची फियाट? वरातीनंतर मी तिच्या दारांखाली दुप्पट जाडीचा पत्रा घातला, मधे लोखंडी आडवा दांडा दिला. दारं लागायला लागली. पण टप भंगारात गेला होता, आणि काका गेले तोवर तिच्यात पावसाचं पाणी साचून फरशी सडली. तिचं स्टीअरिंग माझ्याकडे आहे.

बराच वेळ बोललो. प्रश्न बाहेर अंगणात विचारा, कारण उजेड आहे तोवर हेराल्डचा टप काढून दाखवायचा आहे. चार जण धरायला लागतील, बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा, रंगावर ओरखडा उठला तर मालक इथेच उभे आहेत. आणि बोल्ट ज्या क्रमानं काढू त्या क्रमानं ताटलीत ठेवा, रात्री जेवणाआधी परत बसवायचे आहेत.