पट्टा सोडण्याआधीची दोन मिनिटं

मंडळी, वसाहतीजवळ कुत्र्यांना मोकळं सोडण्यासाठी कुंपण घातलेलं मैदान झालं, की घरोघरी पहिला प्रश्न हाच येतो, 'मुलांना घेऊन गेलं तर चालेल ना?' आत्ता आत येतानासुद्धा तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला हेच विचारलं. उत्तर देते, पण त्यासाठी आधी तुम्हाला फाटकापाशी उभं करावं लागेल. मैदान केवढं आणि गवत कसं, हे नंतर.

सुट्टीची सकाळ आहे असं धरा. आत सात-आठ कुत्री आहेत. एक गृहस्थ आपलं कुत्रं घेऊन येतात, ते लांबूनच ओढत असतं. फाटकाची कडी वाजली रे वाजली, की आतली सगळी तिकडे धावतात. कडी वाजली म्हणजे कुणीतरी नवीन आलं, हे त्यांना पाठ झालेलं असतं. गृहस्थ दचकतात आणि पट्टा आखडून धरतात. आता त्यांच्या कुत्र्याकडे बघा. समोर सात अनोळखी तोंडं, मागून पट्टा ताणलेला, मान वर खेचलेली. एरवी दोन कुत्री भेटतात ती थोडा वळसा घेऊन, बाजूनं येत, शेपटीकडचा वास घेत. इथे वळायला जागा नाही आणि मागे सरायलाही नाही. मग ते दात दाखवतं, आणि बघणारे म्हणतात, 'हे रागीट दिसतंय.'

मी बरीच वर्षं कुत्र्यांना वळण लावण्याचं काम करते. मैदानात झालेली जी भांडणं मी डोळ्यांनी पाहिली, त्यांतली बहुतेक फाटकापासून दहा पावलांच्या आत झाली. म्हणून चांगल्या डॉग पार्कला एकामागे एक अशी दोन फाटकं असतात आणि मध्ये एक छोटी बंदिस्त जागा. बाहेरचं फाटक लावून घ्यायचं, कडी बसली का हातानं हलवून बघायची आणि तिथेच थांबायचं. आतल्या लोकांना सांगायचं, 'जरा तुमच्याला बोलावता का?' यात संकोच कसला? गर्दी पांगली की त्या मधल्या जागेत पट्टा काढायचा, छातीभोवतीचा हार्नेसही काढायचा. खेळताना एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या हार्नेसमध्ये अडकतो, दोघं घाबरून उलट दिशांना ओढतात, आणि खेळणाऱ्या दोन मित्रांची क्षणात झटापट होते. मग आतलं फाटक उघडायचं. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात. ती वाचवायला जाऊ नका.

कुत्र्यांसाठी मुद्दाम राखलेली मैदानं तशी अलीकडचीच. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात १९७९ साली ओलोनी डॉग पार्क सुरू झालं. अशा सार्वजनिक मैदानांच्या पहिल्या नमुन्यांत त्याचं नाव घेतात. म्हणजे ही सगळी रीत जेमतेम दोन पिढ्यांची. लहान मुलांच्या बागेत कसं वागायचं हे आपल्याला आई-आजीकडून कळतं. इथे ते सांगायला कुणी नव्हतं, म्हणून ठरवून शिकावं लागतं.

नवीन मैदान बघायला पहिल्यांदा जाल तेव्हा कुत्र्याला घरीच ठेवा. कुंपणाबाहेर पंधरा-वीस मिनिटं उभे राहा आणि कुत्र्यांपेक्षा माणसांकडे बघा. सगळे एका बाकाभोवती गोळा होऊन गप्पा मारतायत, कुणी मोबाइलमध्ये मान घातलीय, आपलं कुत्रं कुठे आहे हे कुणाला सांगता येत नाही, असं दिसलं तर माघारी फिरा. लोक चालत असतील, मधूनमधून आपल्या कुत्र्याला हाक मारत असतील, तर ते मैदान चांगलं. चालणाऱ्या माणसाबरोबर कुत्रीही हलती राहतात, एका जागी घोळका होत नाही.

मग कुंपण बघा. पाच-सहा फूट उंची हवी आणि खाली फट नको. कोपरेही बघा, त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. काटकोनातल्या कोपऱ्यात घाबरलेलं कुत्रं सापडलं की त्याला सुटायला वाट राहत नाही, म्हणून जाणकार माणूस कोपरे तिरपे छाटून घेतो. मध्ये झाडं, उंचवटे, वळणाची पायवाट असेल तर फार चांगलं. नुसत्या सपाट मैदानात कुत्री या टोकापासून त्या टोकापर्यंत वेग घेतात आणि अंगावर येऊन आदळतात. मोठ्या माणसांचे गुडघेसुद्धा यात दुखावतात.

लहान कुत्र्यांसाठी वेगळा भाग हवाच. 'आमचा मोठा अगदी गरीब आहे हो, काही करत नाही,' असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. पण तीन किलोचं कुत्रं चिरक्या आवाजात पळू लागलं की तीस किलोच्या कुत्र्याच्या आत शिकारीची जुनी ऊर्मी जागी होऊ शकते. क्षणापूर्वी जो सवंगडी होता तो भक्ष्य वाटायला लागतो. यात त्याच्या स्वभावाचा दोष नाही, पण झालेली इजा भरून येत नाही.

आता खेळ की भांडण, हे ओळखायचं कसं? पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर ठेवून कुत्रं वाकतं ते तुम्ही पाहिलं असेल. मार्क बेकॉफ या प्राणी-वर्तनाच्या अभ्यासकानं १९९५ साली दाखवलं, की ही वाकण्याची खूण वाटेल तेव्हा येत नाही. चावून डोकं जोरात हलवणं, अशी गैरसमज होण्यासारखी चाल करण्याच्या जरा आधी किंवा लगेच नंतर ती जास्त येते. म्हणजे, 'मी आत्ता जे करतोय ते खेळातलं हं!' अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली आणखी बारकाईनं पाहिलं. समोरचं कुत्रं आपल्याकडे बघत असेल तरच दुसरं अशी डोळ्यांना दिसणारी खूण करतं. ते पाठमोरं असेल तर आधी धक्का देतं, पंजा मारतं, लक्ष वेधून घेतं. आपल्यातली कितीतरी माणसं बोलताना एवढं भान ठेवत नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून खेळात तीन गोष्टी बघत जा. मधूनमधून थांबतायत का, पाळ्या बदलतायत का, अंग सैल आहे का. शेपटी हलतेय यावर विसंबू नका. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी तीस कुत्र्यांच्या शेपट्या मोजून-मापून पाहिल्या. मालकाला बघून शेपटी उजवीकडे जास्त झुकत होती, आणि दांडगं अनोळखी कुत्रं समोर आलं की डावीकडे. मैदानात उभं राहून हे डोळ्यांना टिपता येईल असं मी म्हणत नाही. पण शेपटी आनंदाशिवाय आणखीही काही सांगते, एवढं तरी त्यातून घ्या.

शंका आली तर मी एकच करते. पाठलाग करणाऱ्याला हलकेच धरते आणि दुसऱ्याला मोकळं ठेवते. दुसरं परत येऊन त्याच्याभोवती नाचायला लागलं, की खेळ चालू द्यायचा. ते पळून मालकाच्या पायांशी गेलं, की खेळ तिथेच संपला. आणि खरंच जुंपली, तर दोन तोंडांच्या मध्ये हात घालू नका. मोठा आवाज करा, पाणी फेका, हाताशी असेल ती फळी किंवा पिशवी मध्ये सरकवा.

आता मुलांचं. माझी भाची चार वर्षांची होती. तिला मैदानात मीच घेऊन गेले, आणि आत जाताना तिला काही म्हणजे काही सांगितलं नाही. कुत्री बघून तिला इतका आनंद झाला, की हात वर करून किंचाळत धावली. एक वर्षभराचं लॅब्राडोर तिच्या मागे लागलं. पळणारी आणि चिरकणारी गोष्ट दिसली म्हटल्यावर ते दुसरं काय करणार? त्यानं पाठीवर पाय टेकले, ती तोंडावर पडली, ओठ फाटला. चावलं कुणीच नाही. त्या कुत्र्याच्या मालकीणबाई रडवेल्या झाल्या होत्या, आणि चूक सगळी माझी होती. दोन टाके पडले. पुढे कितीतरी महिने ती कुत्रं दिसलं की माझ्या मागे लपायची. ते मला ओठाच्या जखमेपेक्षा जास्त लागलं.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. साधारण आठ वर्षांच्या आतल्या मुलांनी आत जाऊ नये. काही मैदानांत तसा वयाचा नियमच असतो. तो जाचक वाटतो, पण लहान मुलाचा चेहरा मोठ्या कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, हे विसरू नका. लहान मुलांना होणाऱ्या चाव्यांत चेहरा आणि मान यांवरच्या जखमा बऱ्याच असतात, आणि चावणारं कुत्रं पुष्कळदा घरचं किंवा ओळखीचंच असतं. मैदान कुटुंबासाठी चांगलं हवं असेल तर कुंपणाबाहेर सावलीत बाक असावेत. मुलांनी तिथे बसून तासभर बघावं. 'बघ, ते वाकलं, आता काय करेल?' असं विचारत बघायचं. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात.

मोठं मूल आत जाणार असेल तर त्याला आधी घरी झाड व्हायला शिकवा. कुत्रं अंगावर आलं की थांबायचं, हात छातीशी घ्यायचे, नजर पायांकडे आणि गप्प राहायचं. झाडात कुत्र्याला काही गंमत नसते, ते वास घेऊन निघून जातं. हे सांगून भागत नाही. दिवाणखान्यात पाच-सहा वेळा खेळून करून घ्यावं लागतं. आणि खाऊ, चेंडू, आवाज करणारं खेळणं यांतलं काही मुलाच्या हातात नको. घरी वाटून खाणारं कुत्रंसुद्धा दहा अनोळखी कुत्र्यांत आपली वस्तू राखायला लागतं.

आरोग्याचं थोडक्यात सांगते, पण हे नीट ऐका. पिल्लाच्या लशी पूर्ण झाल्याशिवाय त्याला या मातीत उतरवू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो, आणि पिल्लांची लशींची मालिका साधारण सोळा आठवड्यांपर्यंत किंवा त्याही पुढे चालते. इथे खरी अडचण होते, कारण पिल्लाला जग ओळखीचं होण्याचा महत्त्वाचा काळ तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंतचा. तेवढ्या काळात त्याला घरात कोंडूनही चालत नाही. मग कडेवर घेऊन फिरवा, कुंपणाबाहेरून दाखवा, ज्यांच्या लशी झाल्यात अशा ओळखीच्या शांत कुत्र्यांना घरी भेटवा. माजावर आलेली कुत्री तर मैदानात आणूच नका.

शी उचलण्याचा विषय लोकांना स्वच्छतेचा वाटतो. त्यात वेळेचाही भाग आहे. कुत्र्याच्या पोटातल्या गोलकृमींची अंडी शीतून पडतात. ताज्या शीतली अंडी लागण करत नाहीत. तशी तयार व्हायला त्यांना मातीत साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि मग ती तिथे वर्षानुवर्षं राहू शकतात. मातीत खेळून तेच हात तोंडात घालणाऱ्या मुलांना ही लागण होते, क्वचित डोळ्यापर्यंतही जाते. पडल्या पडल्या उचललं की तिथेच प्रश्न मिटला. महिन्याभरानं मैदान झाडून घेण्याला तो अर्थ राहत नाही. जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं वेळच्या वेळी द्या.

ऊन असेल तर हाताचा पंजा उलटा करून जमिनीवर सात सेकंद ठेवा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसत नाही. जीभ लांब आणि टोकाशी चमच्यासारखी रुंद झाली, की खेळ थांबवून सावलीत न्या आणि पाणी द्या. चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या बाबतीत तर एवढी वाटही बघू नका.

आणखी एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे, कारण लोक ती कबूल करायला कचरतात. काही कुत्र्यांना मैदान आवडतच नाही. लहानपणी सगळ्यांशी खेळणारं कुत्रं दोन-तीन वर्षांचं झालं की निवडक होतं. त्याला दोन ओळखीचे मित्र पुरतात. फाटकापाशी ते मागे सरत असेल, आत गेल्यावर तुमच्या पायांना चिकटून राहत असेल, ओठ चाटत असेल, तर त्याला 'सवय होईल' म्हणून ढकलू नका. लांब दोरी लावून शांत वाटेनं हुंगत हुंगत फिरवून आणा. ज्याला जे आवडतं ते द्यावं.

शेवटी, परत कसं निघायचं ते सांगते. पुष्कळ लोक खेळात एकदाच हाक मारतात, ती घरी जायला. दोन-चार दिवसांत कुत्र्याला कळतं, की हाक म्हणजे मजा संपली, आणि मग ते मैदानभर पळवतं. माझी चिंगी पहिल्या वर्षी अशीच करायची. तेव्हापासून मी एका फेरीत पाच-सहा वेळा हाक मारते. ती आली की गळपट्ट्याला हात लावते, मान खाजवते आणि म्हणते, 'जा.' पुन्हा खेळायला मिळतं, हेच तिचं बक्षीस, त्यामुळे खिशात खाऊ ठेवावा लागत नाही. पुन्हा हाक, पुन्हा 'जा'. शेवटच्या वेळी पट्टा अडकवला तरी तिला त्यात फारसं वेगळं काही वाटत नाही. आम्ही दोघी मधल्या जागेत येतो, मी आतलं फाटक लावते, कडी हलवून बघते आणि मगच बाहेरच्या फाटकाला हात लावते.