विमानाला उशीर झाला म्हणून

श्रोतेहो, नमस्कार. माणसाला कॅन्सर करणारा पहिला विषाणू शोधला तो लंडनच्या अँथनी एपस्टीन यांनी. आधी ते कोंबड्यांना कॅन्सर करणाऱ्या विषाणूवर काम करत होते. मार्च १९६१ मध्ये त्यांनी डेनिस बर्किट यांचं व्याख्यान ऐकलं. बर्किट युगांडातले सर्जन. तिथल्या मुलांच्या जबड्यात गाठी येत, आणि त्याही फक्त उष्ण, पावसाच्या पट्ट्यात. एपस्टीन यांनी ताडलं, हे काम विषाणूचं! व्याख्यानांना जात जावं हो. हल्ली लोक घरी बसून ऐकतात आणि मध्येच भाजी निवडायला उठतात.

मग युगांडाहून विमानाने गाठींचे तुकडे येऊ लागले. दोन वर्षं गेली, विषाणू काही दिसेना. डिसेंबर १९६३. लंडनवर दाट धुकं. विमान मँचेस्टरला वळवलं. बाटली उशिरा पोचली, आतलं पाणी गढूळ. जंतू पडले असणार! कुणीही नासलेल्या दुधासारखं ते मोरीत ओतलं असतं. एपस्टीन यांनी आधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जंतू नव्हतेच! प्रवासात हिंदकळून गाठीच्या पेशी सुट्या झाल्या होत्या, जिवंत, पाण्यात तरंगत. ऐकलंत ना? सुट्या आणि जिवंत. तुकड्यांतून ज्या वाढत नव्हत्या, त्या आता वाढू लागल्या. पुढे त्याच पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तर विषाणू समोर! एपस्टीन इतके हरखले की यंत्र बंद केलं आणि कोट न घालताच बर्फात एक फेरी मारून आले. मग परत येऊन पुन्हा पाहिलं. विषाणू तिथेच होता.

मार्च १९६४ मध्ये निबंध छापून आला, एपस्टीन, बर्ट अचाँग आणि इव्होन बार अशा तिघांच्या नावाने. विषाणू मात्र 'एपस्टीन-बार'. अचाँग त्रिनिदादचे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे जाणकार. त्यांचं नाव गळलं, हे मला आजही खटकतं.

आता घाबरू नका. हा विषाणू जगातल्या दहापैकी नऊहून अधिक प्रौढांच्या अंगात असतो, बहुधा तुमच्या-माझ्याही. विषाणू असला म्हणजे कॅन्सर होतोच असं नाही. पुन्हा सांगतो, होतोच असं नाही. आफ्रिकेतल्या त्या मुलांच्या बाबतीत वारंवार होणाऱ्या मलेरियाचाही हात असतो.

एपस्टीन पुढे ब्रिस्टलला प्राध्यापक झाले, तिथे माकडांवर लशीचे प्रयोग केले. २०२४ मध्ये, वयाच्या १०२व्या वर्षी ते गेले. माणसांसाठीची लस तोवर आलेली नव्हती.