तिच्यावरचं प्रेम खोटं होतं का?

१९७४ साल. ‘ग्रुप’ नावाच्या फॅनझिनमध्ये, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या मासिकात, एक छोटी कथा छापून आली. दोन जीव एकमेकांच्या मिठीत, आणि नाव कुणाचंच नाही. तरी वाचणाऱ्यांनी ओळखलं: ‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेतले दोन पुरुष, कर्क आणि स्पॉक. पुढे अशा दोन नावांमध्ये तिरकी रेघ मारायची रीत पडली. मालिका-पुस्तकांतल्या दोन पुरुषांमध्ये प्रेम रंगवणाऱ्या चाहत्यांच्या या लेखनाचं नाव त्या रेघेवरूनच आलं, स्लॅश.

रेघ मारणं सोपं असतं. पण मालिकेतला कर्क तर पुन्हा पुन्हा बायकांच्या प्रेमात पडतो. त्याचं काय करायचं?

सुरुवातीच्या बऱ्याच कथांमध्ये नायक म्हणतो, “मला पुरुष आवडत नाहीत, फक्त तू आवडतोस.” त्या काळात हे समजण्यासारखं होतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, ती डिसेंबर १९७३ मध्ये. पण एखादा गे वाचक हे वाक्य वाचतो, तेव्हा त्याला ऐकू येतं: हे प्रेम थोर आहे, कारण ते तुझ्यासारखं नाही.

दुसरी वाट मला जास्त निर्दय वाटते. आधीची बायको कजाग ठरवायची, किंवा तो संसार म्हणजे नुसता देखावा होता असं सांगून मोकळं व्हायचं. असे देखाव्याचे संसार खरोखर असतात. मग त्यात दोघांनी काय सोसलं, तेही लिहायला हवं. एका वाक्यात ते उरकता येत नाही.

हा पेच सगळ्यात लख्ख दिसतो तो शेरलॉक होम्स आणि त्याचा मित्र वॉटसन यांच्या जोडीत. १८९० च्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये वॉटसन मेरी मॉर्स्टनच्या प्रेमात पडतो, लग्न ठरतं. १९०३ च्या कथेत मेला असं समजलेला होम्स परततो, तेव्हा वॉटसनचं जवळचं माणूस गेल्याच्या दुःखाचा उल्लेख जेमतेम अर्ध्या वाक्यात येतो. मेरीचं नावसुद्धा नाही. म्हणजे मूळ लेखकानेच वाट मोकळी करून दिलेली. मेरीला विसरून पुढे जाणं किती सोयीचं!

जे लेखक तसं करत नाहीत, त्यांच्या कथा मला जवळच्या वाटतात. त्यांचा वॉटसन बायसेक्शुअल असतो, म्हणजे त्याला बायकाही आवडतात आणि पुरुषही. आज कथेच्या माथ्यावर तसा टॅग लावता येतो, पण वॉटसनच्या तोंडी तो शब्द घालता येत नाही. त्याच्या काळी त्या अर्थाने तो बोलण्यात रुळलेला नव्हता. शिवाय १८८५ पासून इंग्लंडमध्ये पुरुषांमधल्या अशा जवळिकीला तुरुंगवास होता. म्हणून सगळं वागण्यातून दाखवावं लागतं: दार लावून घेण्यातून, पत्र जाळण्यातून, मध्येच थांबलेल्या हातातून.

आणि मेरीचा विषय निघतो तेव्हा हा वॉटसन होम्ससमोर तिला कमी लेखत नाही. तिच्यावर जीव होता, असं सांगतो. होम्स ऐकून घेतो.