बँकेच्या लिलावातलं घर: स्वस्त का असतं, आणि आपण त्या वाटेला जावं का?

[स्क्रीनवर: वर्तमानपत्रातली जाहीर ई-लिलाव नोटीस]

नमस्कार मंडळी. ही नोटीस बघा. असल्या नोटिसा पेपरात रोज येतात, अक्षर इतकं बारीक की चष्मा शोधावा लागतो. "तमाम जनतेस कळविण्यात येते की", मग कर्जदाराचं नाव, जामीनदाराचं नाव, फ्लॅट नंबर, चतुःसीमा आणि राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली बँक विकत नाही ती. धायरीत वन बीएचके, बत्तीस लाख. त्याच गल्लीत एजंट तसाच फ्लॅट बेचाळीसला सांगतो. झालं, घरातल्या ग्रुपवर फोटो जातो आणि खाली कुणीतरी लिहितं, "दहा लाख वाचतायत, बघा की!"

तर आज ते दहा लाख खरंच वाचतात का, ते बघू. मी गुंतवणूकदारांसाठी बोलत नाहीये. सध्या भाड्यानं राहणारं, दोन पगारांचं, पहिलं घर शोधणारं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून बोलतोय.

घर लिलावापर्यंत येतं कसं, ते पटकन सांगतो. गृहकर्जाचा हप्ता नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादित कर्ज, होतं. मग बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची मागणी नोटीस देते. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर बँक तारण मालमत्तेचा ताबा घेऊ शकते आणि कोर्टात दावा न लावता ती विकू शकते. पहिल्या लिलावाला तीस दिवसांची नोटीस लागते, तो फसला तर पुढच्याला पंधरा दिवसांची. सरकारी बँकांच्या मालमत्ता आता 'बँकनेट' या पोर्टलवर दिसतात. जिल्हा निवडून पुण्याची यादी स्वतः बघता येते, त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. "आतून सेटिंग आहे, दोन टक्के द्या" म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. बयाणा रक्कम, म्हणजे बोलीआधीची अनामत, नोटिशीत किंवा पोर्टलवर सांगितलेल्या पद्धतीनंच भरायची, दुसऱ्या कुठल्याही खात्यात नाही.

आता नोटिशीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. "जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे, जे काही आहे तेथे आहे या तत्त्वावर." वाचताना गंमत वाटते, पण बँक इथं सरळ सांगतेय की भिंतीला ओल असेल, सोसायटीची बाकी असेल, आत कुणी राहत असेल, तर ते तुमचं तुम्ही बघा.

आणि "आत कुणी राहत असेल" इथंच सगळी मेख आहे. नोटिशीत ताब्याचा प्रकार लिहिलेला असतो, एकतर सांकेतिक किंवा प्रत्यक्ष. सांकेतिक म्हणजे बँकेनं दारावर नोटीस चिकटवली, पेपरात छापली, पण किल्ली अजून त्या कुटुंबाकडेच आहे. प्रत्यक्ष म्हणजे घर रिकामं करून बँकेनं स्वतःचं कुलूप लावलंय. कागदावर एका शब्दाचा फरक. पण दहा लाखांतले बरेचसे लाख या एकाच शब्दामुळे कमी झालेले असतात.

सांकेतिक ताब्याचा फ्लॅट घेतलात तर पुढं काय होतं? बँकेला त्याच कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायदा म्हणतो तीस दिवसांत आदेश द्या, कारणं नोंदवून जास्तीत जास्त साठ. आदेश निघाल्यावरही तो अमलात आणायला माणसं हवीत, पोलीस बंदोबस्त हवा, तारीख मिळायला हवी. तोवर कर्जदार कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, जाऊ शकतो. बँकेच्या कारवाईपासून पंचेचाळीस दिवसांत अर्ज करण्याचा त्याला हक्क आहे. तो त्यानं वापरला तर वाईट वाटून घेऊ नका, त्याचं घर चाललंय. पण स्थगिती मिळाली तर पैसे तुमचे अडकतात.

आकड्यात बोलू. समजा तुम्ही पस्तीस लाखांना बोली जिंकली आणि सव्वासव्वीस लाखांचं कर्ज काढलं. साडेआठ टक्के, वीस वर्षं धरली तर हप्ता बावीस-तेवीस हजार. किल्ली हातात नाही, म्हणून सध्याचं पंधरा हजार भाडंही चालूच. वर्षभर ताबा लांबला तर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज सव्वादोन लाखांच्या आसपास आणि भाडं एक लाख ऐंशी हजार. म्हणजे न राहिलेल्या घरावर चार लाख गेले, आणि ते परत कुणी देत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पहिलं घर घेणाऱ्या कुटुंबानं सांकेतिक ताब्याच्या फ्लॅटकडे बघूच नये, किंमत काहीही असो. तो धंदा दोन-तीन वर्षं पैसे अडकवून बसू शकणाऱ्यांचा आहे, आणि ते लोक तो नीट करतात. आपण प्रत्यक्ष ताब्याचेच फ्लॅट बघायचे. ते कमी असतात, सवलतही कमी असते. बत्तीसऐवजी छत्तीस-सदतीस दिसेल. दिसू दे.

[स्क्रीनवर: आकडे एकेक करून]

आता पैसे कधी आणि किती लागतात ते बघा, कारण चांगले चांगले लोक इथंच अडखळतात. बोली लावण्याआधी बयाणा रक्कम, साधारण राखीव किमतीच्या दहा टक्के. आपल्या उदाहरणात राखीव बत्तीस लाख, म्हणजे तीन लाख वीस हजार. पस्तीसला बोली जिंकलात की त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, एकूण पंचवीस टक्के पूर्ण करायचे. पंचवीस टक्के म्हणजे पावणेनऊ लाख, म्हणजे रातोरात आणखी पाच लाख पंचावन्न हजार. उरलेले सव्वासव्वीस लाख विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. बँकेनं लेखी मान्य केलं तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या पलीकडे नाही. आणि नाही जमलं तर? भरलेली रक्कम जप्त. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ही जप्ती उचलून धरली आहे. "साहेब, लोन अडकलं हो" हे कारण चालत नाही.

त्यामुळे गृहकर्जाची मंजुरी लिलावाच्या आधी हातात पाहिजे. तीही नुसती तुमच्या पगारावरची नको, त्याच फ्लॅटची कागदपत्रं दाखवून घेतलेली हवी. बऱ्याचदा लिलाव करणारी बँकच कर्ज द्यायला तयार असते, आधी तिथंच विचारा. दुसरी बँक ताब्याच्या प्रश्नावरून हात आखडता घेते. आणि ते सुरुवातीचे पावणेनऊ लाख? ते स्वतःचे लागतात. एफडी मोडून, सोनं ठेवून, सासऱ्यांकडून, जिथून आणाल तिथून. मुद्रांक शुल्क वेगळं.

मुद्रांक शुल्क पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीत सात टक्के. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत. पस्तीस लाखांवर म्हणजे दोन लाख पंचेचाळीस हजारांऐवजी दोन लाख दहा हजार. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांच्या वर नाही. रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकाची, किंमत बोलीपेक्षा जास्त असेल तर शुल्क कशावर बसेल, हे दुय्यम निबंधकांकडे आधीच विचारून घ्या.

रेडी रेकनरवरून अजून एक गोष्ट, जी एजंट कधीच सांगत नाही. मुद्रांकासाठी धरलेल्या मूल्यापेक्षा घर फारच स्वस्तात मिळालं, तर तो फरक आयकर खातं तुमचं उत्पन्न धरू शकतं. फरक खरेदी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त असेल तर हा प्रश्न उभा राहतो. मूल्य चाळीस लाख आणि खरेदी पस्तीस, म्हणजे फरक पाच लाख, दहा टक्क्यांची मर्यादा साडेतीन. आला तुमच्यावर पाच लाखांचा "नफा", घर विकलेलं नसतानाही. बोलीच्या आधी सीएला एक फोन करा.

आता पाहणी. नोटिशीत पाहणीची तारीख असते, त्या दिवशी जायचंच. फरशी, नळ, वायरिंग बघाच, पण खरी माहिती खाली मिळते. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा आणि थकबाकी लेखी मागा. हप्ते थकवणारं कुटुंब मेंटेनन्सही थकवतं, हे ओघानं आलंच. महिना अडीच हजार, तीन वर्षं थकले तर नव्वद हजार, आणि त्यावर उपविधीप्रमाणे एकवीस टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकतं. व्याजासकट एक लाख अठरा हजारांच्या घरात जातं. ते भरल्याशिवाय सोसायटी तुमचं नाव लावायला राजी होत नाही. सोसायटीनं हस्तांतरणाचा प्रीमियम म्हणून लाखभर मागितले तर मात्र ऐकू नका, महापालिका क्षेत्रात मर्यादा पंचवीस हजारांची आहे. वॉचमनशी पाच मिनिटं बोला. त्या फ्लॅटवर कोण कोण येऊन गेलं, हे त्याला बँकेपेक्षा जास्त माहीत असतं.

महावितरणचं थकीत बिलही लिहून घ्या. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की जुनी वीजबाकी लिलावात घेणाऱ्याकडून मागता येते. महापालिकेचा मिळकतकर ऑनलाइन दिसतो, थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढत असते, त्यामुळे आकडा बघून दचकू नका. नुसता बेरजेत धरा.

कागदांचं काम वकिलाला द्या, तिथं काटकसर नको. तीस वर्षांचा सर्च, सरसाईवर, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत, दुसऱ्या कुठल्या बँकेचा बोजा आहे का, डीआरटीत काही चालू आहे का. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, तुम्हीही बघू शकता. पण पुण्यापुरती एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघाच, ती म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, इमारत राहायला योग्य असल्याचा अधिकृत दाखला. लिलावाच्या यादीत स्वस्त काय दिसतं? धायरी, आंबेगाव, नऱ्हे, वाघोली. धायरी-आंबेगाव महापालिकेत आले २०१७ मध्ये, नऱ्हे-वाघोली २०२१ मध्ये. त्याआधी तिथं उभ्या राहिलेल्या सगळ्याच इमारतींची कागदपत्रं सारखी नाहीत. कुठं मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला व्यवस्थित आहे, कुठं ग्रामपंचायतीच्या एका पत्रावर पाच मजले. "पण बँकेनं कर्ज दिलं होतं ना त्यावर?" हो, दिलं होतं, आणि ते बुडालं. बँकेनं एकदा कर्ज दिलं म्हणजे कागद चोख, असं समजून चालू नका. उद्या तुम्हाला तो फ्लॅट विकायचा असेल तेव्हा समोरच्याची बँक तेच कागद नव्यानं तपासणार आहे.

कॅमेरा सुरू व्हायच्या आधी आमच्याकडे चर्चा झाली की तळतळाटाचा विषय घ्यायचा का. घेतो, कारण तो प्रत्येक घरात निघतो. "कुणाचं तरी घर गेलेलं, त्यांचा तळतळाट नको." आईचं, सासूबाईंचं हे म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. एवढंच सांगतो की लिलावात बँकेची बाकी आणि खर्च वजा जाऊन जास्तीचे पैसे उरले तर ते कायद्यानं मूळ मालकाला मिळतात. म्हणजे तुम्ही रास्त बोली लावलीत तर त्या कुटुंबाचं देणं फिटतं, क्वचित हातात चार पैसेही येतात. तरीही मनाला पटत नसेल तर नका घेऊ. रोज झोपायचंय तिथं.

लिलावाच्या दिवशी काय करायचं? आदल्या रात्री दोघांनी बसून वरचा आकडा कागदावर लिहायचा. बाजारभावातून मुद्रांक, नोंदणी, सगळ्या थकबाक्या, रंग-प्लंबिंग आणि सहा महिन्यांचं भाडं वजा करा. त्यातून आणखी दहा टक्के काढा, कारण या सगळ्या कटकटीचा मोबदला तुम्हाला मिळायला नको का? उरेल ती तुमची शेवटची बोली. ऑनलाइन लिलावात शेवटच्या मिनिटांत कुणी बोली वाढवली की वेळ आपोआप वाढते आणि पन्नास-पन्नास हजारांनी माणूस कुठल्या कुठं जातो. आकडा ओलांडला गेला की लॅपटॉप बंद. बयाणा परत मिळतो. आणि लिलावाला कुणीच आलं नाही, तर आनंदानं उडी मारण्याआधी का आलं नाही ते शोधा. पुढच्या फेरीत बँक बऱ्याचदा राखीव किंमत उतरवते, घाई तुम्हाला नसते.

जिंकलात आणि सगळे पैसे भरलेत की बँकेचा प्राधिकृत अधिकारी विक्री प्रमाणपत्र देतो. ते मुद्रांक भरून नोंदवून घ्या, किल्ली घेताना ताबा पावती घ्या आणि मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. मग सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, महावितरण आणि मिळकतकर या तीन ठिकाणी नाव. पुणे महापालिकेत स्वतः राहत असाल तर चाळीस टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरायला विसरू नका, बरेच जण विसरतात आणि वर्षानुवर्षं जास्तीचा कर भरतात.

पतसंस्थांच्या लिलावांबद्दल आज मुद्दाम बोललो नाही. तिथं सरफेसी नाही, सहकार कायद्याचं कलम १०१ आणि नियम १०७ लागतो, मुदती वेगळ्या, कागद वेगळे. त्यावर पुढचा व्हिडिओ करतोय. तुमच्याकडे अशी नोटीस असेल तर कर्जदाराचं नाव आणि फ्लॅट नंबर झाकून फोटो पाठवा, त्यातलीच एक घेऊन ओळ न् ओळ वाचू.