जावा खराब नाही, जुळत नाही

सोलापुरात छोट्या कारखानदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन.

मागे ऐकू येतंय ना? बरं. दुपारची वेळ आहे, निम्मे लोक जेवून आलेत, त्यामुळे डायरेक्ट मुद्द्यावर येतो.

एमआयडीसीतले एक काका आहेत, टॉवेलचा कारखाना, त्यांचा सगळ्या पार्ट्यांचा हिशोब लिब्रेऑफिसच्या बेसमध्ये असतो, पुतण्याने बनवून दिलेला. लिब्रेऑफिस म्हणजे फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर, आणि बेस हा त्यातला डेटाबेसचा प्रोग्रॅम. एका सकाळी त्यांचा फोन, "अरे हे काय दाखवलालंय बे, जेआरई डिफेक्टिव्ह हाय म्हणतंय, माझी उधारी गेली का सगळी?" जेआरई म्हणजे जावात लिहिलेले प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर, बोलताना आपण त्यालाच जावा म्हणतो. मी पोचलो तोवर पुतण्याने जावा तीनदा काढून तीनदा टाकलं होतं आणि चौथ्यांदा डाउनलोड लावून बसला होता. पत्रं लिहायचं रायटर उघडत होतं, आकडेमोडीचं कॅल्क उघडत होतं, फक्त बेस अडून बसलेलं.

ते का, तर रायटर-कॅल्कच्या रोजच्या कामाला जावा लागतच नाही. बेसच्या फाइलमध्ये जो जुना डेटाबेस बसवलेला असतो ना, एचएसक्यूएलडीबी, तो जावात लिहिलेला आहे, म्हणून तिथेच गाडी अडते.

आता तो मेसेज. डिफेक्टिव्ह हा शब्दच ज्याने लिहिला त्याला मी एकदा भेटणार आहे. तुम्ही जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचे, नवेकोरे पुठ्ठे आणले आणि ते दुसऱ्याच मापाच्या जकार्डचे निघाले, तर पुठ्ठे खराब म्हणाल का? तसंच आहे हे. ऑफिस जावाला बाहेरून हाक मारत नाही, जेव्हीएम डॉट डीएलएल नावाची फाइल स्वतःच्या पोटात ओढून घेतं, आणि विंडोजवर प्रोग्रॅम ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन मापांचे येतात, ६४ बिटच्या प्रोग्रॅमच्या पोटात ३२ बिटची डीएलएल, म्हणजे जोडफाइल, जातच नाही, उलटंही नाही. काकांचं ऑफिस ६४ बिटचं, पुतण्या चारही वेळा आणत होता ३२ बिटचं जावा. चाळीस वेळा टाकलं असतं तरी तेच झालं असतं.

गंमत म्हणजे अपाची ओपनऑफिस वापरत असाल तर नेमकं उलटं करायचं. त्याची विंडोजवरची ४.१ ची मालिका ३२ बिटचीच आहे, म्हणजे मशीन कितीही नवं असू दे, जावा ३२ बिटचंच पाहिजे. २०१० मध्ये लिब्रेऑफिस ओपनऑफिसमधनं वेगळं झालं, दिसायला अजून भाऊ-भाऊ वाटतात, पण एकाचा सल्ला दुसऱ्याला लावला की पंचाईत, आणि नेटवरचे निम्मे सल्ले असे उसनेच असतात.

ओळखायचं कसं? सी ड्राइव्ह उघडा. जावाचं फोल्डर साध्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये असेल तर बहुतेक ६४, एक्स८६ लिहिलेल्यात असेल तर ३२. कमांड प्रॉम्प्टवर व्हर्जन विचारता येतं, पण तिथे जे उत्तर देतं तेच जावा ऑफिस वापरतं असं नाही बरं का, मी स्वतः यात एक अख्खी दुपार घालवलीय. खरी जागा म्हणजे टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस, अॅडव्हान्स्ड. तिथे सापडलेल्या जावांची यादी येते, हवं त्याच्यापुढे टिक करायची आणि ऑफिस पूर्ण बंद करून परत चालू करायचं. क्विकस्टार्टर, म्हणजे ऑफिस लवकर उघडावं म्हणून मागे चालू राहणारा भाग, घड्याळापाशी बसलेला असेल तर त्यालाही बंद करा, नाहीतर बंद केल्याचा नुसता भास होतो.

दुसरा घोळ अपडेटचा. जावा ८ च्या फोल्डरच्या नावातच अपडेटचा नंबर असायचा, नवं आलं की जुनं फोल्डर गायब, आणि ऑफिस आपलं जुन्याच पत्त्यावर दार वाजवत बसतं. यादीतनं नवं निवडलं की झालं. जावा ११ पासून ओरॅकल वेगळं जेआरई देत नाही, अख्खं जेडीके, म्हणजे प्रोग्रॅम बनवणाऱ्यांचा पूर्ण संच, देतं, आणि त्यांच्या लायसन्सच्या अटीही बदलत गेल्यात, धंद्याच्या मशीनवर टाकण्याआधी वाचा. मी सरळ टेमुरिन टाकतो, ओपनजेडीके या खुल्या जावापासून बनवलेलं, फुकट आहे.

आणि उधारी? ती कुठेच जात नाही. मी काकांच्या फाइलची कॉपी केली, कॉपीच हां, मूळ फाइलला हात नाही, आणि तिच्या नावाच्या शेवटचं ओडीबी काढून झिप लिहिलं, कारण बेसची फाइल आतून झिपच असते. उघडली तर आत डेटाबेस नावाचं फोल्डर, त्यात स्क्रिप्ट नावाची फाइल, ती नोटपॅडमध्ये टाकली. काका चष्मा कपाळावर ढकलून स्क्रीनला नाक लावून बघत होते. टेबलांची नावं दिसली, पार्टी, बिल, जमा. जावाची गरजच पडली नाही. "म्हणजे हाय की आत," म्हणाले, आणि मग पहिल्यांदा पुतण्याला चहा सांगायला पाठवलं.

चहा येईपर्यंत ६४ बिटचं टाकून झालं होतं.