माळ्यावरची बाटली

मंडळी, माइक जरा जवळ घेतो. विषय वाचून आमच्या शेजारच्या काकूंनी सकाळीच विचारलं, की आता या वयात तुम्ही दारूवर बोलणार का? म्हटलं काकू, आयुष्यभर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, लोणच्यावर बोललो असतो तर आला असता ना, मग हेही त्याच खात्यातलं, मुरण्याचं.

तर गोष्ट दोन बाटल्यांची. जावई फ्रान्सला असतो, 2003 साली त्याने एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या घेतल्या, बोर्दोच्या मेदोक भागातली 1996 ची रेड वाइन. एक त्याने आपल्या तळघरात ठेवली, एक मला दिली. मी ती इंदूरला आणली आणि मोठ्या प्रेमाने माळ्यावर रजयांच्या मागे सरकवली, आडवी ठेवायची एवढं ऐकलं होतं, तेवढं केलं. जुनं ते सोनं! मागच्या डिसेंबरात तो त्याची घेऊन आला आणि दोन्ही एकाच संध्याकाळी उघडल्या.

माझी तर न उघडताच बोलत होती. वाइन मानेतून उतरून खांद्याच्या खाली गेलेली, बुचावरचं आवरण चिकट. आपल्याकडे मे महिन्यात 42 डिग्री होतं, आणि माळा म्हणजे तव्याखालचा चुलाच. वाइन तापली की फुगते, बुचाच्या कडेने पाझरते, गार झाली की आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते, असे वीस उन्हाळे काढलेत तिने बिचारीने. रंग काढ्यासारखा, वासाला शिजवलेले मनुके आणि मागून व्हिनेगर. सौ. म्हणाल्या, चटणीत घालू का? नाही घातली.

जावयाची बाटली 12-13 डिग्रीत, अंधारात पडलेली. तिला आधी पूर्ण दिवस उभी ठेवली, का तर तळाशी गाळ बसावा. हा गाळ म्हणजे भेसळ नाही बरं का. कडक चहा प्यायल्यावर जीभ खरखरते ना, ते टॅनिन, तेच द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून वाइनमध्ये येतं, आणि वर्षानुवर्षं त्याचे छोटे कण एकमेकांना आणि रंगाच्या कणांना धरत मोठे होत जातात, शेवटी जड होऊन खाली बसतात. म्हणून जुनी वाइन फिकी पण पडते आणि मऊ पण होते. तेव्हा ती बाटली हलवून पाहुण्याला दाखवायची नाही, हे आमच्या घरी दोनदा सांगावं लागलं.

मग बूच. पंचवीस-तीस वर्षांचं बूच भाकरीच्या पापुद्र्यासारखं असतं, साधा स्क्रू लावला की मधोमध तुटतं. आमचं तुटलंच, जावयाच्या हातून, म्हणजे माझी अब्रू वाचली. खरं तर त्यासाठी दोन पातळ पात्यांचं एक हत्यार मिळतं, अह-सो म्हणतात, लांब पातं आधी बूच आणि काच यांच्या फटीत घालायचं, मग दुसरं, डावं-उजवं डोलवत खाली उतरवायचं आणि पिळत वर ओढायचं. तेच आणलं, उरलेला अर्धा तुकडा शाबूत निघाला. मग बाटलीच्या मानेमागे मोबाईलचा टॉर्च धरला (पूर्वी मेणबत्ती धरत, काम तेच), आणि न थांबता एका धारेत काचेच्या भांड्यात ओतली. शेवटी धुरासारखी काळी रेघ मानेकडे यायला लागते, तिथे थांबायचं. दोन घोट जातात, जाऊ द्या. बोर्दोच्या बाटलीला खांदे असतात, ओतताना गाळ तिथे अडतो.

आणि हो, रूम टेम्परेचरला प्या असं जे म्हणतात ते तिकडच्या जुन्या गार घरांचं टेम्परेचर, 16 ते 18 डिग्री, आपल्या इंदूरच्या छप्पन दुकान खाऊगल्लीचं नाही. उन्हाळ्यात अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा खुशाल.

ग्लास पांढऱ्या रुमालावर तिरका धरला तर मध्ये लाल आणि कडेला विटेचा रंग. पहिला वास बंद खोलीचा, माझं तोंड पडलं. जावई म्हणाला थांबा बाबा. दहा मिनिटांनी शिसपेन्सिल छिलल्याचा वास आला, मग तंबाखूचा डबा, मग पहिल्या पावसानंतर झाडाखाली कुजलेली पानं असतात ना, ते. तो बंद खोलीचा वास दहा मिनिटांत गेला नाही तर गोष्ट वेगळी, ओल्या पुठ्ठ्याचा वास आला की समजायचं बूच बाधलंय, त्याला टीसीए नावाचं रसायन कारण, आणि ते नव्या बाटलीतही होतं.

चवीला फळ कमी, पण घोट गिळल्यावर जिभेवर बराच वेळ राहिली. सोबत मी, इंदूरी माणूस, शेव ठेवली होती, ती पहिल्या घोटानंतर स्वतःच उचलून आत नेली, तिखटापुढे अशी नाजूक वाइन टिकत नाही. साधं चीज आणि बिनमिरचीचं मटण, बस. आणि रेंगाळायचं नाही, तासाभरात तिचा दम उतरायला लागला, तरुण वाइनला हवा मानवते, म्हातारीला थोडीच.

म्हणून कोणी विचारलं की काका, आम्ही नाशिकहून आणलेली रेड नातवाच्या लग्नापर्यंत ठेवू का, तर मी म्हणतो याच वर्षी प्या. बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत प्यायलाच बनवतात, मुरायला टॅनिन आणि आंबटपणा दोन्ही दणकट लागतात, शिवाय गार जागा, जी माझ्याकडे नव्हती.

आता ही जावयाची रिकामी बाटली पुढून मागे जाऊ द्या. खांद्याच्या आत बघा, काळा थर अजून चिकटलेला आहे. वासही घ्या, मुद्दाम धुतलेली नाहीये.