बाळ कधी झालं? पोळ्याला. (ऊसतोड टोळ्यांमधल्या बाळांच्या लसीकरणावरच्या आमच्या माहितीपटाचं निवेदन.)

(दुपार. आरोग्य केंद्राची खोली, टेबलावर आईसपॅक.)

हे चार आईसपॅक फ्रीजरमधून काढून थोडा वेळ झालाय. सिस्टर एकेक उचलून कानाशी हलवतात. आत पाणी खुळखुळलं की मगच तो निळ्या डब्यात जातो. दगडासारखा गोठलेला पॅक तसाच भरला तर पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लसही गोठते आणि फेकून द्यावी लागते. वायलवरचं, म्हणजे लसीच्या बाटलीवरचं चिन्हही जवळून बघा. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका आहे, म्हणजे लस उष्णतेनं खराब झालेली नाही.

(दिवेलागण. कोप्या, चुलींचा धूर.)

कोल्हापूर जिल्ह्यातलं शिवार. दिवाळी करून बीडकडच्या ऊसतोड टोळ्या इथं उतरल्यात. कुणी पाटोद्याचे, कुणी शिरूर कासारचे, कुणी धारूरचे. बांबूच्या कामट्या, वर प्लॅस्टिकचा कागद, भोवती पाचट, झाली कोपी. लसीकरण एरवी सकाळी अंगणवाडीत होतं. इथल्या बायका पहाटे तीनलाच उसाच्या फडात गेलेल्या असतात, म्हणून सिस्टर संध्याकाळच्या येतात. उपकेंद्राचं माप 5 हजार लोकवस्तीचं. त्या मापात या कोप्या नाहीत.

"कार्ड कुठाय गं?"

"पेटीत ऱ्हायलं, गावाकडं."

"आणि बाळ कधी झालं?"

"पोळ्याच्या आदल्या दिशी."

तारीख नाही, पण पोळा आहे. सिस्टर बोटांवर मोजतात. पोळा, गणपती, दसरा, दिवाळी. तीन महिने भरत आलेत. मग बाळाचा डावा दंड उघडून बघतात. बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा व्रण आहे, म्हणजे तेवढं झालंय. पुढचं कळायला गावच्या आशाताईंना फोन. स्पीकरवर वहीची पानं उलटल्याचा आवाज येतो तो नीट ऐका, आमच्या अख्ख्या शूटिंगमधला सगळ्यात कामाचा आवाज तोच. दीड महिन्याचा डोस झालाय. अडीच महिन्यांचा द्यायच्या वेळी टोळी ट्रकमध्ये होती. मध्ये खंड पडला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिलं तिथून पुढं जायचं.

आई एकच विचारते, "ताप येईल का?"

सिस्टर नाही म्हणत नाहीत. "येईल एखादा दिवस." पॅरासिटामॉल कसं द्यायचं ते दोनदा सांगतात, तिच्याकडून वदवून घेतात. बाळ तापलं तर उद्या ती फडात जाणार नाही, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. एकीनं दांडी मारली की टोळी आणणाऱ्या मुकादमाचा खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड लागतो, उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेतून पैसे वळते होतात. लस नको म्हणणारी आई अडाणी असते असं म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा.

(सुई. बाळाचं रडणं. इथं निवेदन नाही.)

बायकांच्या स्वतःच्या दुखण्यांना या वेळेत जागा उरत नाही. 2019 साली बीड जिल्ह्यात सरकारी समितीसमोर 82 हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती आली, त्यातल्या 13 हजारांवर जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

(बॅटरीच्या उजेडात हात, कोरं कार्ड.)

नवं कार्ड भरलं जातंय. "हे पेटीत नको, पैशाच्या पिशवीत ठेव." पुढची तारीख महिन्याभरानंतरची. तोवर हा फड संपून टोळी दुसऱ्या गावाला गेलेली असेल का, ते आईला माहीत नाही. म्हणून कार्डाच्या मागं सिस्टरनी मुकादमाचा नंबरही लिहून घेतलाय.